फौजदारी म्हणजे गुन्हेगारी नव्हे

वर्तमानपत्रांतून आणि वृत्तवाहिन्यांवरून 'गुन्हेगारी खटला', 'गुन्हेगारी कायदा', 'गुन्हेगारी न्यायव्यवस्था' असे शब्दप्रयोग आता सर्रास कानांवर पडतात. इंग्रजी 'क्रिमिनल' या विशेषणाला कोशात जो पहिला मराठी प्रतिशब्द सापडला तो उचलून कोणत्याही नामाला जोडून दिला, एवढाच त्यामागचा विचार दिसतो. 'गुन्हेगारी न्यायव्यवस्था' हा तर मौजेचा नमुना आहे. सरळ मराठी कानाला त्याचा अर्थ 'गुन्हे करणारी न्यायव्यवस्था' असाच लागावा! या हसण्यावारी नेण्याजोग्या गोष्टीवर आम्ही लेख लिहिला नसता. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'टिळक-आगरकरांवरील गुन्हेगारी खटला' असे शब्द आम्हांला जेव्हा वाचावे लागले, तेव्हा येथे केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही हे ध्यानात आले. मराठीत या जागी दोनशे वर्षे रुळलेला 'फौजदारी' हा शब्द आहे. तो का आला, त्याने कोणते काम केले आणि तो गेला तर नेमके काय जाईल, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

'फौजदारी' या शब्दात गुन्हा नाही, शिक्षा नाही आणि न्यायही नाही. त्यात आहे ती फौज. मोगल राज्यव्यवस्थेत फौजदार हा काही परगण्यांवर नेमलेला लष्करी अंमलदार असे. त्याची कर्तव्ये अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त नोंदवली आहेत. बंडखोरांना जरब बसवावी, वाटा निर्धोक ठेवाव्यात, सारा न देणाऱ्या पुंडांना आधी समजुतीने आणि न ऐकल्यास बळाने वठणीवर आणावे, असे त्यांचे स्वरूप आहे. म्हणजे फौजदार हा मुळात न्यायाधीश नव्हे. न्यायनिवाड्याचे काम काझीचे. मात्र जो चोर-दरोडेखोरांना धरून आणतो त्याच्याच कचेरीत किरकोळ गुन्ह्यांचा निकालही लागू लागावा, हे राज्यकारभारात सहज घडते. अठराव्या शतकातील बंगालमध्ये तसे घडलेले होते.

येथे एक योगायोग आमच्या शब्दाच्या कामी आला. १७६५ साली बादशहा शाह आलम दुसरा याने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी दिली. दिवाणी म्हणजे सारावसुलीचा आणि तदनुषंगिक मालमत्तेच्या तंट्यांचा अधिकार. बंदोबस्ताचा आणि गुन्ह्यांच्या पारिपत्याचा अधिकार, ज्याला निजामत म्हणत, तो नाममात्र का होईना नवाबाकडेच राहिला. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने न्यायालयांची नवी रचना केली, तेव्हा या दोन अधिकारांच्या वाटणीप्रमाणेच प्रत्येक जिल्ह्यात एक दिवाणी अदालत आणि एक फौजदारी अदालत स्थापन केली. दिवाणी अदालतीत कंपनीचा कलेक्टर बसे. फौजदारीत काझी, मुफ्ती आणि मौलवी बसत व कलेक्टर देखरेख ठेवी. पुढे १७९० साली कॉर्नवॉलिसने निजामतीचा अधिकारही कंपनीकडे घेतला. परंतु शब्दांची जोडी तोवर पक्की झाली होती.

विद्यार्थ्यांना आम्ही हा मुद्दा आवर्जून सांगतो. 'दिवाणी' आणि 'फौजदारी' ही नावे कृत्याच्या स्वरूपावरून पडलेली नाहीत. ती अधिकाराच्या घरावरून पडलेली आहेत. दिवाणाच्या कचेरीत चालते ते दिवाणी, फौजदाराच्या कचेरीत चालते ते फौजदारी. कोणी चांगला, कोणी वाईट, असा निवाडा या शब्दांच्या पोटात कोठेही नाही.

प्राचीन भारतीय विचारात असा भेद अजिबात नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत ऋणादान आणि स्तेय, म्हणजे कर्ज आणि चोरी, एकाच यादीत येतात हे खरे. पण बृहस्पतीने या पदांची धनमूल आणि हिंसामूल अशी विभागणी केली होती. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त तिसरे अधिकरण धर्मस्थीय, तर चौथे कंटकशोधन आहे. काटे वेचून काढणे हे काम धर्मासनावरच्या पंडिताचे नसून राजाच्या माणसांचे, ही कल्पना फौजदाराच्या कल्पनेपासून फार दूर नाही. तरीही या जुन्या संज्ञा व्यवहाराच्या भाषेत टिकल्या नाहीत. कंटकशोधनाचा खटला भरल्याचे कोणी ऐकले आहे?

आता मराठी मुलखाकडे वळू. शिवकालीन व पेशवेकालीन न्यायव्यवहाराचा सविस्तर अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी केला आहे. त्या काळच्या कागदपत्रांत आपल्या विषयाच्या दृष्टीने एक फार बोलकी गोष्ट आढळते. वतनाचा वा वाटणीचा तंटा गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे येई, दोन्ही पक्षांकडून निवाडा मान्य करण्याबद्दल राजीनामे आणि जामीन घेतले जात, महजर होई आणि निकाल लागे. निकालानंतर जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावयाची. होय, 'गुन्हेगारी'! त्या काळी या शब्दाचा एक रूढ अर्थच 'सरकारात भरावयाचा दंड' असा होता. आपल्या शेताची वाट कोणाची, यावरून भावाशी भांडून हरलेला शेतकरीही गुन्हेगारी भरी आणि चोरी करणाराही गुन्हेगारी भरी. आज आपण ज्यांना दिवाणी व फौजदारी म्हणतो त्या दोन्ही प्रकरणांच्या शेवटी एकच शब्द उभा असे. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे बरे. पेशवाईतल्या कागदात 'गुन्हेगारी घेतली' असे आढळले तर तेथे कोणी दरोडा घातला होता असे मानण्याचे कारण नाही.

गंभीर अपराधांच्या बाबतीत वेगळीच शब्दकळा वावरे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यानंतर रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. त्या कथेतला शब्द 'शिक्षा' नसून 'प्रायश्चित्त' आहे. शास्त्र्याचा अधिकार पाप सांगण्याचा. ते फेडणे कर्त्याकडे. या शब्दाला आपण सहज 'फाशीची शिक्षा' असे समजून पुढे जातो आणि एका निराळ्या नैतिक विश्वाचे दार न उघडताच परततो.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गुन्ह्यांच्या चौकशीला येथे ठरावीक पद्धत नव्हती असे त्याने नमूद केले आहे. उघड बंडखोराचा वा दरोडेखोरांच्या म्होरक्याचा शेवट त्याच्या कुप्रसिद्धीच्या आधारावरच केला जाई, असे तो सांगतो. जेत्याच्या लेखणीतला अहवाल म्हणून तो जपूनच वाचला पाहिजे. पण 'हा तर प्रसिद्धच गुन्हेगार, याची चौकशी कसली' ही वृत्ती फक्त पेशवाईची होती असे म्हणण्याचे धाडस आज आम्हांला होत नाही. पुढे १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी एल्फिन्स्टनचे कायदे झाले. त्यांतील चौदाव्या कायद्यात अपराध आणि त्यांच्या शिक्षा सांगितल्या होत्या आणि भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ रोजी अंमलात येईपर्यंत इलाख्यात त्यांचाच अंमल होता. सदर दिवाणी अदालत आणि सदर फौजदारी अदालत ही जोडी मुंबई इलाख्यात होती. १८६२ साली मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हा या अदालती त्यात विलीन झाल्या. अदालती गेल्या, नावे लोकांच्या तोंडी राहिली.

आणि ती नावे प्रत्येक भाषेने आपापल्या स्वभावानुसार घडवली. हिंदी पट्ट्यात 'फौजदारी हो गयी' म्हणजे लाठ्याकाठ्यांनी मारामारी झाली. तेथे शब्द कचेरीतून शेताच्या बांधावर आला. मराठीत तसे झाले नाही. मराठीत 'फौजदार' हा हळूहळू पोलीस उपनिरीक्षक झाला. त्याच्या खालचा सहायक फौजदार आजही बोलीत तसाच ओळखला जातो आणि सोलापुरात एका पोलीस ठाण्याचे नावच फौजदार चावडी आहे. 'फौजदारी' मात्र क्रियापदाला जोडली गेली. 'मी तुझ्यावर फौजदारी करीन' असे गावातला साधा माणूसही म्हणू लागला. हे वाक्य थांबून ऐकण्यासारखे आहे. ज्या शब्दात मुळात राज्याची फौज रयतेवर चालून येई, त्या शब्दाचा कर्ता आता रयत झाली. दुबळ्याच्या तोंडची ती धमकी आहे, पण ती कायद्याची धमकी आहे. 'मी तुझ्यावर गुन्हेगारी करीन' असे म्हणून पाहावे, म्हणजे दोन शब्दांतले अंतर निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

या परिसरातले इतर शब्दही मराठीने नीट वाटून घेतले होते. दिवाणीत दावा लावायचा, फौजदारीत खटला भरायचा; दिवाणीत वादी आणि प्रतिवादी, फौजदारीत फिर्यादी आणि आरोपी. 'फिर्याद' हा मूळचा फारसी 'फर्याद', म्हणजे संकटात मारलेली हाक. मराठी जिभेने त्याची अक्षरे थोडी हलवली, पण त्यातली हाक गेली नाही. ('खटला' या शब्दाची गंमत अशी की त्याचाच जवळचा आप्त 'खटले' हा कुटुंबकबिल्यालाही लागतो. मोठ्या घराचे खटले सांभाळणाऱ्या बाईला कोर्टातला खटला किरकोळ वाटला तर नवल नाही.) सरकारदरबारची भाषा मराठी वाङ्मयाला परकी कधीच नव्हती. एकनाथांनी सोळाव्या शतकात 'अर्जदस्त' हा फारसी अर्जाचा घाट परमार्थासाठी वापरला, यावरून तिची रुजवण किती जुनी आहे हे दिसते.

आता ज्या प्रकरणापासून आम्ही निघालो तेथे येऊ. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांत कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर प्रसिद्ध झाला. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा तेथे छळ होत असल्याची बातमी तेव्हा पसरली होती आणि ज्या पत्रांच्या आधारे आरोप झाले ती पुढे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी खटला चालला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात ते डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते. आगरकरांचे 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक त्यातून आले आणि मराठीतील तुरुंगवासाच्या लेखनाची एक वाट तेथे सुरू झाली. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे रूपांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याचाही संबंध याच दिवसांशी आहे.

या खटल्याला 'गुन्हेगारी खटला' म्हटले की काय बिघडते? पहिली गोष्ट अशी, की अब्रुनुकसानी ही आपल्या कायद्यात दुहेरी आहे. ज्याची अब्रू गेली तो नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा लावू शकतो किंवा शिक्षेसाठी फौजदारी करू शकतो. तेच कृत्य, तेच शब्द, वाटा दोन. बर्व्यांच्या बाजूने जी वाट निवडली गेली ती फौजदारीची, आणि म्हणून संपादकांच्या वाट्याला तुरुंग आला. 'गुन्हेगारी' या शब्दात ही निवड दिसतच नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'फौजदारी खटला' या शब्दाने आरोपीविषयी आधीच काही ठरवलेले नसते, तर 'गुन्हेगारी खटला' म्हणताच गुन्हेगार ठरून जातो आणि खटला हा उपचार उरतो. वाजवी संशयापलीकडे सिद्ध होईतो आरोपी निर्दोष मानावा, हे तत्त्व फौजदारी न्यायाचा प्राण आहे. मराठीला त्या तत्त्वाशी सुसंगत असा शब्द इतिहासाच्या योगायोगाने मिळाला होता. इंग्रजी 'क्रिमिनल' शब्दालाही हे भाग्य लाभलेले नाही.

फौजदारी म्हणजे तुरुंग आणि दिवाणी म्हणजे पैसा, हे समीकरणही तितकेसे खरे नाही. कोल्हापूर प्रकरणानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर दावा लावला. बालपणी झालेल्या विवाहानुसार पत्नीने नांदावयास यावे एवढीच मागणी, म्हणजे प्रकरण शुद्ध दिवाणी. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो दावा फेटाळला, अपिलात तो निर्णय फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना एक महिन्यात नवऱ्याकडे जाण्याचा, न गेल्यास सहा महिने कैद भोगण्याचा हुकूम केला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले; रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. ज्या बाईने कोणताही अपराध केला नव्हता तिच्यासमोर दिवाणी न्यायालयाने तुरुंगाचे दार उघडून ठेवले होते. या दोन प्रकरणांना एकाच वर्गात शेजारी ठेवून शिकवावे, असे आम्हांला वाटते. भेद शिक्षेत नाही. कोण कोणाविरुद्ध उभा आहे आणि काय सिद्ध करावयाचे आहे, यात आहे. रखमाबाईंच्या समोर नवरा उभा होता, आणि त्याच्यामागे अर्थातच समाज. फौजदारीत समोर राज्यच येऊन उभे राहते. तेथे सरकारी वकील असतो, फिर्यादीचे दुःख हे सरकारचे दुःख होते.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात रिकामा वेळ घालवण्यासाठी खेळातले कोर्ट मांडले जाते. तेथे दिवाणी दावाही मांडता आला असता. मांडला जातो तो भ्रूणहत्येचा खटला, आणि बेणारेबाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. नाटककाराला हे करणे भाग होते, कारण सगळ्या समाजाला एका व्यक्तीविरुद्ध पक्ष होऊन बसण्याची सोय फक्त फौजदारीतच आहे. पण त्या खेळात हळूहळू काय होते? पुरावा मागे पडतो, साक्षीदार आपले मत्सर आणि वासना साक्ष म्हणून सांगतात, न्यायाधीशच साक्षीदार होतो आणि निकाल आरंभीच ठरल्यासारखा असतो. आमच्या मते फौजदारी खटल्याचा गुन्हेगारी खटला कसा होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठी रंगभूमीवर नाही.

भाषाशुद्धीच्या अभिमान्यांना 'फौजदारी' हा शब्द खुपणे स्वाभाविक होते. राजव्यवहारकोशापासून सावरकरांपर्यंत फारसी शब्दांना पर्याय देण्याची एक परंपरा आपल्याकडे आहे आणि तिने 'महापौर', 'दिनांक' यांसारखे शब्द दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण या शब्दाला संस्कृत पर्याय शोधताना अडचण येते. हिंदीने 'दण्ड प्रक्रिया संहिता' असे नाव घेतले. मराठीत 'दंड' म्हटले की सामान्य माणसाला सिग्नल तोडल्याबद्दल भरावे लागणारे पैसे आठवतात. शिवाय दंडाची प्रक्रिया म्हटले की शेवट ठरलाच; निर्दोष सुटणाऱ्या माणसाच्या खटल्याला ते नाव शोभत नाही. शासकीय मराठीने शिक्षा सांगणाऱ्या कायद्याला 'भारतीय दंड संहिता' आणि चौकशीची रीत सांगणाऱ्या कायद्याला 'फौजदारी प्रक्रिया संहिता' म्हटले, यात आम्हांला मोठी समज दिसते. दंड सिद्ध अपराधासाठी, फौजदारी सिद्ध करण्याच्या वाटेसाठी.

ही वाटणी आता राहिलेली नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून 'भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३' अंमलात आली. दंड संहितेच्या जागी 'भारतीय न्याय संहिता' आली. अब्रुनुकसानी पूर्वी कलम ४९९ व ५०० मध्ये होती, आता ती ३५६ मध्ये आहे आणि तिच्या शिक्षेत समाजसेवेची भर पडली आहे. नव्या नावाविषयी आमचे मत लपवण्यात अर्थ नाही. अटक, झडती, कोठडी आणि जामीन यांचे नियम ज्या ग्रंथात आहेत त्याला 'सुरक्षा' हे नाव देण्यापेक्षा, फौज ज्यात उघड दिसते ते जुने नाव अधिक प्रामाणिक होते. राज्याच्या हाती बळ आहे आणि म्हणूनच त्याला प्रक्रियेचे लगाम हवेत, हे 'फौजदारी प्रक्रिया' या दोन शब्दांत शेजारीशेजारी होते. नेपाळने २०१७ मध्ये आपले जुने मुलुकी कायदे बदलून नव्या संहिता केल्या तेव्हा एकीचे नाव 'मुलुकी फौजदारी कार्यविधि संहिता' असे ठेवले. कंपनीचे राज्य जेथे कधी आले नाही, तेथे हा शब्द आज कायद्याच्या मुखपृष्ठावर आहे.

आपल्याकडे 'दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८' मात्र अजून आपल्या नावानिशी चालू आहे. १७७२ साली एकत्र आलेल्या जोडीतला एकच जण आता कायद्याच्या नावात उरला आहे. दुसरा न्यायालयाच्या रोजच्या कामाच्या यादीत, 'फौजदारी अपील' आणि 'फौजदारी अर्ज' अशा मथळ्यांखाली, वकिलांच्या बोलण्यात आणि भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडी राहतो. उत्तरपत्रिकेतला 'गुन्हेगारी खटला' आम्ही तांबड्या शाईने खोडतो आणि वर 'फौजदारी' लिहितो. गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीने उत्तरपत्रिका परत घेताना विचारले, "पण टिळक-आगरकर दोषी ठरले होते ना?" ठरले होते. मात्र खटला चालू होता तेव्हा ते दोषी नव्हते.